खूण पटेपर्यंत

फेब्रुवारीत आमच्या फेरीबोटीच्या फलकावर
उन्हाळ्याचं वेळापत्रक लागलं.
सोफुस म्हातारा बटाट्यांचं पोतं घेऊन
क्लाक्सविकच्या धक्क्यावर दोन तास उभा,
नसलेल्या बोटीची वाट बघत.
वारा असा, की टोपी धरावी तर पोतं सुटावं.

चूक कुणाचीच नव्हती, म्हणजे माझी होती.
बिल्डच्या सर्व्हरचं दार मी सताड उघडं ठेवलं होतं:
कुणीही यावं, पत्त्यावर एक हाक मारावी,
की यंत्र उठून कामाला लागे,
जुना कोड असो, नवा असो,
कोण आलंय ते न विचारता
जमवायचं, जुळवायचं, फलकावर चढवायचं.
इतक्या आज्ञाधारकपणाची भीतीच वाटावी.

वडिलांच्या मेंढ्या डोंगरावर मोकाट असतात,
शेजाऱ्यांच्याही. एकच गवत, एकच धुकं.
खाली आणल्यावर भांडण होत नाही:
डावा कान टोकाला छाटलेला, उजव्याला मागून खाच,
ती आमची.
मेंढी स्वतः काय सांगते याला किंमत नसते.

त्या रात्री मी एक गुपित तयार केलं,
चौसष्ट अक्षरांचं, अर्थाचा लवलेश नसलेलं,
आणि दोनच ठिकाणी ठेवलं:
हाक निघते तिथे, हाक पोचते तिथे.
गुपित स्वतः वाटेला लागत नाही.
वाटेने जातं ते निरोपासोबत त्याला दळून काढलेलं पीठ.
पिठातून दाणा परत मिळत नाही,
पण तेच दाणे पुन्हा दळले
तर तेच पीठ पडायला हवं, कणाचाही फरक नको.

आणि ताडून बघताना घाई करायची नाही.
पहिलंच अक्षर चुकलं म्हणून तिथेच हाकलायचं नाही;
शेवटच्या अक्षरापर्यंत जायचं, मग नाही म्हणायचं,
नाहीतर नकाराला किती वेळ लागला त्यावरून
चोर एकेक अक्षर शिकत जातो.
माझी आई असंच नाही म्हणायची,
सगळं ऐकून घेऊन.

तरी पहाट होत आली आणि खूण पटेना.
एयुन पलीकडच्या बेटावरून कोड पाठवत होता,
खरा एयुन, खरा कोड,
आणि यंत्र त्याला उंबऱ्यावरून परत लावत होतं.
चारशे एक. चारशे एक. चारशे एक.
"तुझं यंत्र मला ओळख देत नाही," तो फोनवर म्हणाला,
मागून त्याची बायको हसली.

सापडलं ते पाचला, कॉफी संपल्यावर:
मी पत्र आधी उघडत होते,
वाचून, घड्या सारख्या करून, सुवाच्य अक्षरात पुन्हा लिहून
मग त्यावरची मोहर तपासत होते.
त्या टापटिपीत कुठेतरी एक मोकळी जागा गळत होती.
एक जागा, जिच्यात काहीच नव्हतं.
जसं आलं तसं, चुरगळलेलंच हातात घ्यायचं होतं,
आधी मोहर, मग मजकूर.
दोन ओळींची अदलाबदल.
दोनशे. पंखा घरघरला. ठिपका हिरवा झाला.

साडेसहाला फोन वाजला.
सोफुस, हे मला खोकल्यावरूनच कळलं.
फलक आता खरं बोलतो, मी म्हणाले,
सही बघितल्याशिवाय हलत नाही.
"आणि हे सांगणारी तू कोण?"

मी नाव सांगितलं. रान्वा नावाच्या
तीन जणी तर आमच्याच गल्लीत.
कंपनीचं नाव सांगितलं. तो काहीच बोलला नाही;
त्या नावानेच त्याला वाऱ्यात उभं केलं होतं.
मग म्हणाले, डावा कान टोकाला छाटलेला,
उजव्याला मागून खाच.

पलीकडे कितीतरी वेळ नुसता श्वास.
त्यानेही बहुतेक शेवटपर्यंत ताडून पाहिलं.
"बरं, किती वाजता म्हणतेस?"

"सात वीस."