काटा मधोमध

कझानमध्ये, व्होल्गाच्या काठी,
कारखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर
अल्फिनूर तांब्याची तार ओवते
फेराइटच्या कड्यांतून.
कडं कसलं, मसुराचा दाणा, मध्ये भोक पडलेला.
बावन्न फेरे. मोजताना ओठ हलतात,
चुकलं की उसवून पुन्हा पहिल्यापासून.
शेजारची झोया विचारते, दुवा मागतेस की काय?
गप्प, म्हणते ती, एकोणतिसावा चाललाय.

यंत्राचं नाव सेतुन.
मॉस्कोकडच्या एका लहानशा नदीवरून ठेवलेलं.
पूलबील काही नाही त्या नावात,
आपल्याच मराठी कानांना उगीच ऐकू येतो.

बाकीची यंत्रं तळ्यात-मळ्यात खेळतात.
आहे, नाही. नाही, आहे.
काठावर रेंगाळलास की बाद.
हिला मात्र तिसरीही जागा ठाऊक:
अधिक, उणे,
आणि दोघांच्या मध्ये
नुसतं उभं राहणं.

नव्या मुलींना शिकवताना पाखोमोव
फळ्यावर तराजू काढतो, वेडावाकडा.
एक, तीन, नऊ, सत्तावीस.
चार वजनांत चाळीसपर्यंत काय हवं ते तोला,
अट एवढीच, वजन कुठल्याही पारड्यात टाकायची मुभा पाहिजे.
खडूची धूळ त्याच्या मिशीवर.
मुली लिहून घेतात.

घरी येऊन अल्फिनूर आईला सांगते.
मिन्निकामाल बाजारात बटाटे विकते,
दूध घातलेल्या चहाची वाटी हातातून न ठेवता ऐकते.
"म्हणजे पाचाचं इकडे,
दोनाचं तिकडे, बटाट्यांच्या शेजारी,
की झाले तीन किलो.
माझी निम्मी वजनं चोरीला गेली
त्या हिवाळ्यापासून हेच तर करतेय.
आणि याचा पगार मिळतो तुमच्याकडे?"

दर मार्चमध्ये मिन्निकामाल कचेरीच्या खिडकीशी उभी राहते.
आतली बाई मान वर न करता विचारते,
नवरा हयात की मयत?
कागदावर चौकोन दोन.
बेचाळीस साली आलेल्या पत्रात
तिसराच शब्द होता, बेपत्ता,
आणि खाली कुणाची तरी घाईची सही.
ती दोन्ही चौकोन कोरे ठेवते.
कागद परत येतो: अपूर्ण.
तेवीस वर्षं
अपूर्ण, अपूर्ण, अपूर्ण.
ती तो घडी घालून पिठाच्या डब्यामागे ठेवते,
बाकीच्यांबरोबर.

मग पासष्ट साली वरून हुकूम आला.
पाखोमोवनं वाचून दाखवला, एका दमात,
चष्मा न लावता, म्हणजे पाठच असावा.
सेतुन बंद.
का, ते कागदावर नव्हतं.
मागणीची पत्रं अजून टेबलावर पडलेली,
कुठून कुठून आलेली, काही तर सायबेरियातून.
झोया म्हणाली, मला वाटलंच होतं.
तिला नेहमीच सगळं वाटलेलं असतं.
शेवटच्या यंत्राची पेटी खिळे ठोकून खाली नेली
तेव्हा जिन्याच्या कठड्याचा रंग खरवडला गेला.

अल्फिनूरनं एक कडं खिशात टाकलं.
चाचणीत नापास झालेलं, तार न ओवलेलं.
चोरी म्हणावी इतकंही नाही.

संध्याकाळी आई तराजू पुसत होती.
तो रिकामा असतानाही जरा डावीकडे झुकतो,
म्हणून उजव्या पारड्यात कायम एक बटण असतं,
पुरुषी ओव्हरकोटाचं, मोठं, चार भोकांचं.
"यात पूर्ण यंत्र मावतं?" तिनं कडं डोळ्याशी धरून विचारलं.
"नाही गं. अशी हजारो लागतात."
मिन्निकामालनं बटण उचललं,
त्याच्या जागी कडं ठेवून पाहिलं.
काटा हलला,
थोडा, पुरेसा नाही.

"हलकं आहे," ती म्हणाली,
आणि बटण होतं तिथे ठेवलं.