तारांकित

खोकं मी उघडलं.
सतरा ऑक्टोबर, मंगळवार, इवालोचं वर्कशॉप,
हीटर नुकताच धग धरू लागलेला.
पट्ट्यावर हात ठेवला आणि हाताला कळलं,
डोळ्यांना नंतर.

तरीही टेप लावला.
एकशे सदतीस इंच.
मार्चमधल्या कागदावर होते एकशे चोपन्न.
सतरा इंच म्हणजे दोन वीत, बोटभर कमी.
भुसभुशीत बर्फावर तरंगत जाणं
आणि पोटापर्यंत रुतणं,
या दोहोंच्या मधे तेवढंच अंतर असतं.

रिव्हर्स गिअर नाही.
चालू करायला बटण नाही, दोरी आहे, ओढायची.
हँडल गरम राहणार होतं; त्याची तार
अर्ध्यात येऊन थांबलीय,
पत्ता विसरलेल्या पाहुण्यासारखी.
रंग मात्र तोच. लाल.
रंगात त्यांनी काडीचंही फसवलं नाही.

अशा सात.
सात जणांनी वसंतात पैसे भरलेले.
(वसंत म्हणजे इथे उणे अठरा
आणि डोळे मिटायला लावणारा उजेड.)
सहकारी संघाच्या खोलीत, कॉफीच्या थर्मासभोवती
दक्षिणेकडचा तो विक्रेता पानं उलटत होता,
आणि योव्ना तळहाताने चित्र चाचपत होता,
रेनडिअरची पाठ चाचपावी तसं,
चरबी किती, हाड किती.

योव्नाच्या उजव्या खांद्यात पंधरा वर्षांपासून लोखंडी पट्टी आहे.
म्हणून बटण. म्हणून रिव्हर्स.
बाकी त्याला कशाचा सोस नव्हता.
मला नवव्या वर्षी
स्पार्क प्लग पुसायला त्यानेच शिकवलं.

मी फोन केला.
हेलसिंकीतली बाई मऊ बोलली:
पान चौदा, अगदी तळाशी बघा.
बघितलं. भिंगाने.
मुंगीच्या पायाएवढी एक चांदणी,
आणि तिच्यापुढे:
पूर्वसूचनेशिवाय तपशिलात बदल होऊ शकतो.

चांदण्या आम्हाला नव्या नाहीत.
डिसेंबरात सूर्य निघून जातो,
महिनाभर त्यांच्यावरच भागवतो आम्ही.
पण वाक्याच्या शेपटाला बसून
दिलेला शब्द गिळणारी चांदणी
मी पहिल्यांदाच पाहिली.

मालक म्हणाला, इतक्यात कुणाला सांगू नकोस,
कंपनी काहीतरी तोडगा काढेल.
मी सांगितलं नाही.

शनिवारी सगळे आले, ट्रेलर जोडून.
इंगा-मारेतने कागद टेबलावर आपटला.
पिएरा वकिलाचं नाव घेऊ लागला,
वकील कोण ते त्यालाही ठाऊक नव्हतं.
उलाने टाकीवरची चंदेरी अक्षरं वाचली, 'गरुड',
आणि म्हणाला, कोंबडी तरी अंडी घालते.
हसलो आम्ही. हसण्याचे पैसे
कुणी आगाऊ घेतले नव्हते.

योव्नाने गाडीभोवती एक फेरी मारली.
वीत टाकत टाकत पट्टा मोजला,
मग दोरी ओढली, डाव्या हाताने.
तीनदा काही नाही. चौथ्यांदा सुरू झाली.
त्याने ती बंद केली.
आणि मला विचारलं,
खोकी कधी उघडलीस?

मंगळवारी.

चार दिवस, तो म्हणाला.
तेवढंच. नंतर ग्लोव्हज चढवू लागला,
आधी उजवा, सावकाश,
खांदा वर जात नाही म्हणून.

कळप गोळा करायचे दिवस कुणासाठी थांबत नाहीत.
सातही गाड्या गेल्या, तक्रार वेगळी लिहून.
जाण्याआधी प्रत्येकीच्या मागच्या बाजूला
मी एक जाड कडी वेल्ड करून दिली,
अडकल्यावर उचलून वळवायला.
बिलात धरली नाही. मालकाने पाहिलं,
बोलला नाही.

पावत्या अजून माझ्या खणात आहेत.
'माल मिळाला' च्या पुढे योव्नाची सही,
वाकडी, नेहमीसारखी,
आणि सहीच्या खांद्यावर
पेनाने काढलेली एक चांदणी.

पान उलटून पाहिलं, तळाशी पाहिलं.
खाली काही लिहिलेलं नाही.