कडं

हेराल्डचं बॉनेट पुढे कलतं,
सगळं तोंडच उचकटून बाजूला ठेवल्यासारखं.
दस्तगीर मिस्त्री पुढच्या टायरवर बसला,
म्हणाला, "आत्याबाईंची न्हवं ही? सदुसष्टची?"
सहासष्टची, मी म्हटलं.

पॅडल जमिनीला टेकलेलं, वर येईना.
एकोणीस वर्षं शाहूपुरीत, पत्र्याच्या शेडमध्ये,
ॲक्सलखाली विटा,
मागच्या सीटवर मांजरीची तीन वेतं.

मास्टर सिलिंडर वर, चटकन हाताशी.
स्लेव्ह खाली, गिअरबॉक्सच्या कुशीत.
त्याच्यासाठी गालिचा उचलावा लागला,
मग पुठ्ठ्याचं झाकण,
आणि झाकणाखाली
लिमलेटच्या गोळीचा एक चुरगळलेला कागद.
माझाच असणार.

पिस्टन हलेना. मिस्त्रीने कॉम्प्रेसरची नळी लावली,
तोंडावर फडकं धरलं.
फट्!
तेलाची काकवी झाली होती.
रबरी कप बोटांत चुरले.

मग बॅटरी पाडून तो मास्टरच्या आत पाहत राहिला,
डॉक्टर घशात पाहतात तसा, एक डोळा मिटून.
"हे बारीक खड्डे हाईत, हे उभं राहून आल्यात.
ह्ये तेल पाणी धरतंय.
पण ताई, हितं आत, टोकाला बगा.
कडं पडलंय.
पॅडल पार तळाला दाबून
लई येळ थांबायचं कुणीतरी.
रोज न्हाई.
पण लई वर्सं."

मी काही बोलले नाही.

रविवारी दवाखाना बंद केला की
मथुआत्या मला शेजारी बसवायची.
शिंगणापूर रस्ता, गुऱ्हाळांच्या अलीकडे
निळ्या खिडकीचं घर, दारात एक लुना.
पहिला गिअर टाकलेला, इंजिन चालू,
नऊवारीतून डावा पाय ताठ.
आत रेडिओवर बातम्या चाललेल्या.
ती उतरली नाही कधी.
हॉर्नही नाही.
माझी गोळी विरघळली की
आम्ही निघायचो.

उद्यमनगरात जिन्नाप्पा चौगुले लेथवर उभा असतो,
हयातभर उसाच्या चरकांच्या बुशी कातलेला माणूस.
"नव्या सिलिंडरची वाट बगशीला तर दिवाळी हुईल.
पितळी लाइनर ठोकतो. तुमच्या नातवाला पुरंल."
नातू नाही मला, पण ते त्याला कशाला.
चहा सांगायला गेले, परत आले,
तोवर बोअर मोठं झालं होतं.
"कीस कुठाय?"
"झाडून टाकला की. का, काय करायचं हुतं?"

काय करायचं होतं.

नवे कप ताज्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवून
अंगठ्याने, कड न दुमडता, आत.
एक कप मापाचा मिळालाच नाही,
तो कुठल्याशा टेंपोचा बसवला.
निपलला सलाइनची नळी
(आत्याच्या कपाटात अजून गठ्ठा होता),
नळीचं टोक बाटलीत,
मिस्त्री गाडीखाली, मी पॅडलवर.

दाबा. धरा. सोडा.
दाबा. धरा, धरा, सोडू नका. हां, सोडा.
चौथ्या खेपेला तो दाब म्हणायला लागला,
धर म्हणायला लागला.
बाटलीत बुडबुडे येत होते,
मोठे, मग मोहरीएवढे,
मग एकच, बराच वेळ थांबून.
"आली बाहेर," गाडीखालून आवाज आला,
"सगळी हवा आली."

दाभोळकर कॉर्नरला लाल लागला.
पहिला गिअर, पाय तळाशी.
नवं पॅडल घट्ट, तळव्याला उलटं रेटणारं.
पोटरीत कळ सुरू झाली तेव्हा
आकडा सत्तेचाळीसवर होता.
एक लिमलेटची गोळी
किती वेळ पुरते?
अडतीस.
गुडघा थरथरायला लागला.
अजूनही
न्यूट्रल करता आलं असतं.