साडेनऊ फूट

कुठल्याशा बंद पडलेल्या बागेच्या लिलावात घेतली.
पायडल मारायची हंसाची बोट होती ती,
हंसाचं डोकं कुणीतरी आधीच नेलेलं,
उरला होता मानेचा वीतभर पांढरा खुंट.
बिडकीनला माझं मोटारी भरायचं दुकान.
ई-रिक्षाची मोटार, पंख्याचं पातं,
एक बॅटरी, झाली नाव.
टेम्पोवाला म्हणाला, वरातीला का?

पिंपळवाडीच्या अंगाला उतरवली तेव्हा
फाल्गुनातलं धरण बरंच मागं सरलेलं,
काळ्या मातीच्या भेगांत शिंपले अडकलेले.
पलीकडचा काठ दिसत नव्हता,
असेल असं धरून चालायचं.
कचरू लिंबोरे थर्माकोलच्या तराफ्यावर
बसून जाळं उकलत होता.
नावेकडे पाहिलं. खुंटाकडे जरा जास्त पाहिलं.
“हे बदक घेऊन काहून चाललात?”
शिंगाडा, मी म्हणालो.
त्यानं हनुवटीनं दाखवलं:
तिथं खाली जुनी गाडीवाट हाये,
कडेचे दगड अजून रांगेत,
दगडाच्या आडोशाला शिंगाडा.
“बापानं सांगितलं. बाप बैलगाडीनं गेलेला तिथून.”

मोटारीचा आवाज शिलाई मशीनसारखा.
मागं पंपहाऊसची टाकी, तिच्यापुढं वाळकी बाभूळ,
बाभळीवर पाणकावळा पंख वाळवत,
टाकी आणि कावळा एका रेषेत आले की थांबायचं.
थांबलो. झिंगा लावून गळ सोडला.
शिसं दगडाला टेकलं ते बोटाला कळलं,
टक्, परत टक्, मग नुसता गाळ.
चाकोरी असेल का ही?

पहिला शिंगाडा नऊच्या सुमाराला.
त्याचा काटा अंगठ्यात गेला
आणि मला बरं वाटलं.
मग दुसरा. मग गवताच्या कडेला एक मरळ,
ती रंगाच्या बादलीत पडूनही भांडत होती.
वर ओलं पोतं टाकलं.

कचरूनं लांबून हात केला. मीही केला.
मला वाटलं रामराम.
अजून एक, एवढंच मनात.
पाणकावळा कधी उडाला, पाहिलं नाही.

पश्चिमेकडून पाणी आधी कानशीसारखं खरबरीत झालं,
मग उभं राहिलं.
मोटार पुरी सोडली तरी नाव जागची हलेना,
नुसती आडवी होत गेली,
आणि आडव्या नावेत लाट न विचारता येते.
पाणी घोट्यापर्यंत.
बॅटरी उचलून मांडीवर घेतली, लेकरासारखी.

तराफ्यावरून ओरडणं येऊ राह्यलं,
वाऱ्यानं अर्धं खाल्लेलं:
“…दली! …दली बांधा! तोंडाला!”
काय दली?

बादली.

पोतं काढलं. तिन्ही ओतले.
मरळ एकदा वर येऊन गेली, बहुतेक तीच.
कडीला दोर. दोराचं दुसरं टोक कशाला?
सगळा गुळगुळीत फायबर, धरायला जागा नाही.
खुंट.
जो आज दुकानात गेल्यावर कटरनं कापणार होतो, तोच.
दोन वेढे, एक गाठ.

बादली भरली, बुडाली, दोर ताणला,
आणि नावेनं हळूच वळून
वाऱ्याला तोंड दिलं, नसलेलं तोंड.
लाटा दुभंगून दोन्ही अंगांनी जाऊ लागल्या
आणि आम्ही काठाकडं पाठ करून
मागं मागं सरकत राहिलो तासभर,
वरातीकडं तोंड करून चालणाऱ्या बँडमास्तरासारखे.

बाभळीखालच्या चिखलात बूड टेकलं.
कचरू आधीच पोचून विडी ओढत बसलेला.
“हात केला व्हता ना म्या, फिरा म्हणून.”
मला वाटलं रामराम.
“रामराम काय असा ढकलून करतेत का?”
मग जरा थांबून,
“काय काय गेलं?”
दोन शिंगाडे. एक मरळ.
मरळ म्हटल्यावर त्यानं विडी विझवली.
“मरळ खिशात कोंबायची असती.”

दोर सोडायला गेलो, गाठ भिजून घट्ट झालेली.
नखं लावून पाहिली.
राहू दिली.