आठ ठिपके

ग्रामपंचायतीत संगणक तीन,
त्यातला एक नुसता फोटोपुरता.
लाइन गेली की आम्ही
पुठ्ठ्यावर स्केचपेननं काढलेल्या कीबोर्डवर शिकतो.

कौतिकाबाई पंधरे
सत्तर पानांचा तेंदूचा पुडा
न मोजता बांधते,
'क' मात्र रोज नव्यानं शोधते.

म्हटलं, आता पासवर्ड टाका.
म्हंजे?
म्हणजे असा शब्द, जो कोणालाच सांगायचा नाही.
बुढ्यालेबी नाई?
नाही.
अन् तुले?
मलाही नाही.

ती पदरानं उगाच माऊस पुसत राहिली.
"असं काई आपलं एकटीचं रायते का वं, मास्तरीन?"

मग एकाच बोटानं, थांबत थांबत,
माझ्याकडं पाठ करून.
पडद्यावर आठ काळे ठिपके,
सुपात चारोळी पडावी तसे.

वर पाठवायच्या तक्त्यात मी लिहिलं :
प्रशिक्षित, एक.
रकाना तेवढाच होता.

दुसऱ्या दिवशी चारदा चुकली.
नवा करून देऊ का, विचारलं,
तर हात धरला माझा.

"नोको बाई. शब्द हाये ध्यानात.
बोटालेच सापडून नाई राह्यला."