दोन ते आठ अंश

हल शहरात, बंदरामागच्या जुन्या मासळीच्या गोदामात
आता साथीची तयारी ठेवतात.
विटांना अजून कॉडचा वास येतो.
मी यादी घेऊन हिंडते. मास्क, गाऊन, हातमोजे.
खोक्यावर मुदतीची तारीख,
तिच्यावर डकवलेली पुढची तारीख,
तिच्यावर आणखी पुढची.
एक कोपरा नखाने सोलला,
तर खाली २०१४ निघालं.
मास्कचं इलॅस्टिक ताणून पाहिलं,
शेवेसारखं तुटलं.

तळाशी, ओल आलेल्या भिंतीलगत, त्या गोळ्या.
घबराटीच्या आठवड्यात घेतलेल्या. चाळीस पॅलेट.
टीव्हीवर कुणीतरी म्हणालं होतं, उतार पडतो.
कुणालाही पडला नाही.
आता त्या जाळायची निविदा निघाली आहे;
जाळायलाही पैसे पडतात.
तहान लागल्यावर विहीर खणू नये म्हणतात.
आम्ही खणली,
आणि खडू लागला.

हे सगळं सांगते आहे
कारण गुरुवारी समितीत मी हात वर का केला
ते मला स्वतःलाच पटवायचं आहे.

विषय क्रमांक तीन : क्लिफर्ड स्टॅथर्स, वय एकाहत्तर.
पूर्वी ट्रॉलरवर.
बदललेल्या गुडघ्यात जंतू,
आणि जंतूंनी आमची सगळी अँटिबायोटिक्स पचवलेली.
डॉक्टर अदेयेमी म्हणाल्या, एक विषाणू आहे,
फक्त हाच जंतू खातो.
कुठे सापडला?
गटारात.
कुणीतरी बिस्किट परत बशीत ठेवलं.

प्रोफेसर हेब्डन चष्मा पुसत म्हणाले,
बारा रुग्ण म्हणजे पुरावा नव्हे, बारा गोष्टी आहेत.
कोणीतरी विचारलं, दगावले तर जबाबदार कोण?
मॉरीन स्टॅथर्स भिंतीकडच्या खुर्चीत होत्या,
त्यांना बोलायची परवानगी नव्हती, तरी बोलल्या :
असेच गेले तर कोण?

माझ्या दंडावर देवीचा व्रण आहे, रुपयाएवढा.
आमच्या भाषेत रोग म्हणजे देवी,
लस टोचायची तीही देवी,
आणि जिला दहीभात दाखवायचा तीही तीच.
काट्याने काटा काढायचा हे मला कुणी शिकवायला नको होतं.
पण हे मिनिटांत कसं नोंदवणार?
आणि माझ्या डोळ्यांसमोर चाळीस पॅलेट.

चार विरुद्ध तीन.
'अधिक माहितीसह पुढील बैठकीत.'
चौथा हात माझा.

कुपी मात्र आधीच येऊन पडली होती
माझ्या फ्रिजमध्ये, इन्सुलिनच्या मागे.
दोन ते आठ अंश.
सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा
वहीत आकडा लिहायचा, खाली सही.
चार. पाच. चार. चार.
रविवारीसुद्धा गेले.
नुसतं स्वच्छ पाणी दिसायचं.
आत कोट्यवधी कोणीतरी थांबलेले,
हे मानून चालायचं.

बैठकीच्या सहा दिवस आधी
क्लिफर्ड यांचा पाय मांडीपासून काढला.
मग मंजुरी आली. सात विरुद्ध शून्य.
मीही हात वर केला. फार सोपं होतं.

मार्चमध्ये मॉरीन औषधांच्या खिडकीशी आल्या,
पट्ट्या न्यायला.
मी शब्द जुळवत होते, त्यांनी जुळवू दिले नाहीत.
म्हणाल्या, ते अजून आहे का तुमच्याकडे?
बघता येईल?

नियमात बसत नव्हतं.
मी कुपी त्यांच्या तळहातावर ठेवली.
त्यांनी ती खिडकीच्या उजेडात धरली,
हलवली नाही, नुसती तिरकी केली.
एवढंसंच? म्हणाल्या.
मग एकदम, दूध उतू जाताना म्हणावं तसं :
ठेवा ठेवा, गरम होईल,
दुसऱ्या कुणाला लागेल.

मी वहीत लिहिलं :
दार उघडं, चाळीस सेकंद.
तापमान सात.
सही करताना बघितलं, बोटाला अजून
जुन्या लेबलचा डिंक होता.