चार बोटं माती

सोहारच्या या हिरवळीखाली चार बोटं माती आहे.
त्याखाली वाळू, आणि वाळूला विजेचं
काही देणंघेणं नाही.
हे मोतालेबने आधी सांगितलं, माझ्या मीटरने नंतर.
गवत म्हणे ट्रकमधून आलं होतं, सतरंजीसारखं गुंडाळून.
कंपनीचा बंगला, कंपनीचं गवत,
माझा करार तीन वर्षांचा, त्याचा दोन.

बार्शीला आमचे आप्पा वायरमन.
खड्ड्यात मीठ, कोळसा, तांब्याची पट्टी,
आणि दर शनिवारी घागरभर पाणी.
"अर्थिंगलाही तहान लागते रे."
काळी जमीन ती, भेगाळली तरी शब्द पाळायची.
इथे नऊ मीटर ॲल्युमिनियम उभं केलं
आणि ते नुसतंच उभं राहिलं,
लग्नात कुणाच्याच ओळखीचा नसलेल्या पाहुण्यासारखं.

मग तारा. सोळा. प्रत्येकी दहा मीटर,
बुंध्यापासून चहूकडे, छत्रीच्या काड्यांसारख्या.
वृंदा म्हणाली, लॉन उकरलंस तर भरपाई पगारातून कापतील.
म्हणून शुक्रवारी, उन्हं उतरल्यावर.
मोतालेब फावडं तिरकं घालायचा, पायाने दाबायचा,
गवत ओठासारखं उघडायचं.
मी तार ठेवायचो
आणि धोब्याच्या हँगरांचे तुकडे वाकवून
अंबाड्याला आकडे खोचावेत तसे खोचायचो.
तो टाच फिरवायचा. फट मिटायची.
मागे वळून पाहिलं की काही झालंच नव्हतं.

नवव्या तारेला पाण्याची नळी फुटली.
दोघेही भिजलो. त्याने शिवी दिली, बंगालीत,
मी बार्शीची दिली,
आणि सायकलच्या ट्यूबने नळी बांधली.

"यातली नोआखालीला कुठली जाते?"
मी म्हणालो, कुठलीच नाही.
तारा कुठे जात नाहीत,
त्या नुसत्या खाली असतात, वरच्याला टेकायला.
त्याने मान हलवली,
वसाहतीतल्या सगळ्या साहेबांचं सगळं
ज्या मानेने तो ऐकून घ्यायचा त्याच मानेने.

त्या रात्री उत्तरेकडचा एक म्हातारा सापडला.
बर्फ पडतोय म्हणाला. आवाज स्वच्छ येतोय म्हणाला.
सकाळी मोतालेबने विचारलं, आणखी काय म्हणाला?
आणखी काही नाही. मी ऐकू येतो, एवढंच.
"एवढ्यासाठी एवढं तांबं?"
तो हसला,
मग पाइप गुंडाळत बराच वेळ काही बोलला नाही.

पंधरा दिवसांत गवताने सगळं गिळलं.
हुदहुद यायचा, टोचत टोचत फिरायचा,
त्यालाही पत्ता लागला नसावा.
ईद झाली आणि मोतालेबचा व्हिसा संपला.
जाताना पिशवीभर लिंबं देऊन गेला.
माझ्याच झाडाची होती.

मग जलवाहिनी बदलायला माणसं आली,
कोपरा खणला,
आणि वर आली एक तार, माझ्या हिशोबात नसलेली.
उरलेल्या तांब्याचे तीन तुकडे, पिळून जोडलेले,
वर हँगरचे आकडे, माझ्यापेक्षा नीट वाकवलेले.
लिंबाखालून निघून पूर्वेच्या भिंतीपर्यंत.
भिंतीपलीकडे रस्ता, रस्त्यापलीकडे समुद्र.
बुंध्याकडे मात्र चकतीला वीतभर कमी पडलेली.
कशालाच जोडलेली नव्हती.

मी वीतभर तार लावली, डाग दिला.
काटा जिथल्या तिथे.
नोंदवहीत सोळा खोडून सतरा लिहिलं.

मार्चमध्ये माझाही करार संपतो.
तारा काढायच्या नाहीत असं ठरवलंय,
ठरवलंय म्हणजे, वृंदाला अजून सांगितलेलं नाही.
शनिवारी बादली घेऊन बाहेर आलो.
नवा माळी म्हणाला, साहेब, गवताला सकाळीच पाणी दिलंय.
हो, म्हटलं,
आणि भिंतीपाशी जाऊन ओतली.